दारूविरुद्ध चालणारे आणि दारूतून चालत आलेले

जानेवारीतल्या एका रविवारी, पुरते उजाडण्यापूर्वी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातून हजारो माणसे धावू लागतात. मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, पेडर रोड, हाजी अली, वरळी, माहीम आणि परतीच्या वाटेवर दादर-प्रभादेवी. १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली मुंबई मॅरेथॉन झाली. ती पहिल्यापासूनच नुसती शर्यत नव्हती. अनेक धावपटू कोणत्या ना कोणत्या कार्यासाठी देणग्या गोळा करून धावतात: कर्करोगाच्या रुग्णांसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी, अंध व अपंगांसाठी.

व्यसनातून उठू पाहणाऱ्या माणसासाठी चालावे, त्याच्या उपचारासाठी पैसा उभा करावा, ही कल्पना मात्र या शहराला सहज सुचली नाही. आश्चर्य असे की दारूच्या नावाने चालण्याची सवय याच रस्त्यांना शंभराहून अधिक वर्षांची आहे. फेऱ्या निघाल्या, मिरवणुका निघाल्या, पिकेटिंग झाले, कायदे झाले. त्या सर्व फेऱ्यांत दारू पिणारा माणूस कोठे होता? बहुतेक वेळा तो पदपथावर, मान खाली घालून उभा होता. तो फेरीत सामील कधी झाला आणि त्याला इतका उशीर का लागला, याचा शोध या थ्रेडमध्ये आहे.

आरंभ एका शब्दापासून करावा लागतो. मराठीत दारूच्या अड्ड्याला ‘गुत्ता’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ दारूशी संबंधित नाही. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. सरकारकडून विक्रीचा मक्ता घेऊन चालविलेले दुकान तो गुत्ता, आणि कालांतराने मक्ता विस्मरणात जाऊन फक्त दारू उरली. मुंबईच्या बोलीतला दुसरा शब्द ‘पिठा’. गिरणगावात ‘पिठ्यावर गेला’ एवढे सांगितले की पुढचे सांगावे लागत नसे.

हा मक्ता सरकारी तिजोरीचा मोठा आधार होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे, ताडी काढणे आणि ती विकणे या सगळ्यांवर सरकारची पकड घट्ट केली. झाडागणिक कर बसला. माहीम-दादरच्या माडांच्या वाड्यांतून आणि ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या ताडी-माडी काढणाऱ्या भंडारी समाजाचा धंदा या करांनी पिळून निघाला. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. लोकांनी पिऊ नये हा या कायद्यांचा हेतू नव्हता. त्यांनी प्यावे ते सरकारला कर भरूनच, हा होता. म्हणूनच पहिल्या पिढीतील सुधारकांचा रोख पिणाऱ्याकडे कमी आणि परवाना देणाऱ्याकडे अधिक होता. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली होती, हे येथे आठवण्याजोगे आहे.

त्याच काळात परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत गिरण्यांची धुरांडी उभी राहत होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला माणूस दिवसाचे बारा-बारा तास साच्यावर उभा राही. कानात यंत्रांचा खडखडाट, छातीत कापसाचा कस. बाहेर पडल्यावर जाणार कोठे? सरकारच्या मजूर कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. अशा खोलीत पाळी आटोपून आलेल्या पुरुषाला पाय पसरायलाही जागा मिळत नसे. पिठा हा त्याचा दिवाणखाना झाला. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजावर पठाण सावकार वसुलीसाठी उभे असत आणि पलीकडच्या कोपऱ्यावर पिठा उघडा असे. या दोघांच्या मधून पगार सुखरूप घरी नेणे हेच एक दिव्य होते.

या माणसाशी बोलायला प्रथम जे लोक गेले, त्यांत सीताराम केशव बोले यांचे स्थान विशेष आहे. बोले स्वतः भंडारी समाजाचे. ज्या समाजाचा परंपरागत व्यवसायच ताडी काढण्याचा, त्या समाजातला हा पुढारी मद्यपान-निषेधाच्या कामात पडला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांत ते होते. कामगारांची गाऱ्हाणी, शिक्षण आणि दारूपासून सुटका हे तिन्ही विषय या सभेने एकत्र धरले. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, फिरती वाचनालये, मॅजिक लँटर्नची व्याख्याने आणि पुढे परळचे दामोदर ठाकरसी सभागृह, असा तिचा पसारा वाढत गेला.

याच वर्तुळातील सुधारकांनी होळीचा प्रश्न हाती घेतला. गिरणगावात होळी-धुळवडीचे दिवस म्हणजे शिव्या, मारामाऱ्या आणि वारेमाप दारू, अशी त्यांची तक्रार होती. नुसते ‘पिऊ नका’ म्हणून भागत नाही, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ‘होलिका संमेलन’ भरवायला सुरुवात केली: भजने, व्याख्याने आणि मैदानी खेळ. पिठ्याकडे वळणाऱ्या पायांना मैदानाकडे वळवायचे, अशी ही साधी युक्ती. आजच्या व्यसनमुक्ती दौडीचा मुंबईतला पूर्वज शोधायचा झाला तर तो राजकीय मिरवणुकांपेक्षा या संमेलनांतच अधिक सापडतो. त्यात उपदेश होताच, वरून खाली बोलण्याचा सूरही होता. पण कामगाराला बघ्याच्या जागेवरून उठवून खेळात घेण्याची बुद्धीही होती.

पुढे दारूविरोध राजकारणात ओढला गेला आणि त्याचे रूप पालटले. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहू लागले. गिऱ्हाइकाला हात जोडायचे, परत फिरवायचे. सरकारने त्यात दारू पाहिली नाही, राजद्रोह पाहिला. अटका आणि दंड सुरू झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगावाने सहा दिवस काम बंद ठेवले. दुकानासमोर उभे राहणे ही आता राजकीय कृती ठरली होती.

१९३० मध्ये ही कृती गिरगावातल्या स्त्रियांच्या हाती आली. १० एप्रिल १९३० च्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी स्त्रियांना उद्देशून लिहिले आणि विदेशी कापड व दारू यांच्या दुकानांवरील पिकेटिंग त्यांनी आपल्याकडे घ्यावे असे सुचविले. गिरगावात यासाठी जमीन तयार होती. चंपारणला गांधीजींसोबत काम करून आलेल्या आणि १९१८ मध्ये मराठीत त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या अवंतिकाबाई गोखले यांनी त्याच वर्षी हिंद महिला समाज स्थापन केला होता. अशा संस्थांमधून घराबाहेरच्या कामाची सवय झालेल्या स्त्रिया पहाटेच्या अंधारात प्रभातफेऱ्यांना निघू लागल्या. वाडीवाडीतून गाणी म्हणत फेरी जाई, उजाडल्यावर ती पांगे, आणि दिवसा त्यांतल्याच काहीजणी दुकानांच्या पायऱ्यांपुढे उभ्या राहत. मे १९३० अखेर सरकारने वटहुकूम काढून पिकेटिंग गुन्हा ठरविले. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने शांततामय पिकेटिंगला पुन्हा मोकळीक दिली.

या स्त्रियांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ज्या घरांतून बाई एकटी भाजीला जात नसे, त्या घरांतल्या बायका पोलिसांच्या गाडीत बसत होत्या. पण इतिहासाने एक गोष्ट नजरेआड करू नये. फेरी बहुधा पांढरपेशा वाडीतली, आणि पिठ्यातला माणूस बहुधा चाळीतला, गिरणीतला किंवा गोदीतला. गिरगाव आणि परळ यांच्यात अंतर दोन-तीन मैलांचे असले तरी सामाजिक अंतर मोठे होते. पायरीपुढे हात जोडून उभी असलेली स्त्री त्या माणसाला शरमिंदा करू शकत होती. उद्या सकाळी हात थरथरू लागले, घाम फुटला, झोप उडाली, तर त्याचे काय करायचे, हे तिला ठाऊक नव्हते. त्या काळी ते फार थोड्या डॉक्टरांना ठाऊक होते.

गिरणगावाचे स्वतःचे एक चालणे मात्र होते, आणि ते या सर्वांहून जुने आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या कामगारांनी चाळीत येताना टाळ-मृदंगही आणले. चाळीचाळीत भजनी मंडळे उभी राहिली. वारकरी पंथात गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मांस सुटले. ती सुटणार नसेल तर माळ घालायची नाही, असा दंडक. आषाढीला पंढरपूर न साधले तर वडाळ्याचे विठ्ठलमंदिर होतेच. आजूबाजूच्या वस्त्यांतून तेथे दिंड्या जात आणि आजही जातात. सुधारकांच्या फेरीत आणि या दिंडीत एक मूलभूत फरक आहे. दिंडीत दारू सोडलेला माणूस स्वतः चालतो. त्याच्या मागेपुढे त्याच वाटेने गेलेली माणसे असतात, त्याला कोणी कालचा हिशेब विचारत नाही, आणि माळ काढून ठेवली तर सगळ्या चाळीला कळते. आधार आणि पाळत यांचे असे चोख मिश्रण कोणत्याही समितीला जमले नसते. अर्थात माळ निभावता न आलेल्यांची नोंद कोणत्याही दिंडीने ठेवलेली नाही.

मग सत्ता आली. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारावर आले आणि त्यातील मंत्री डॉ. मंचेरशा गिल्डर यांनी दारूबंदीचा विषय हाती घेतला. गिल्डर हृदयरोगतज्ज्ञ आणि पारशी. मद्यविक्रीच्या धंद्यात पारशी मोठ्या संख्येने असल्याने स्वसमाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. १ ऑगस्ट हा टिळकांच्या पुण्यतिथीचा दिवस; १९२० मध्ये याच दिवशी गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले होते. अबकारीचे बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसला आणि घरमालकही चिडले. डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात वेगळाच प्रश्न विचारला होता: पैसा अपुरा असताना शिक्षणाआधी दारूबंदीला अग्रक्रम का?

नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, १९४० मध्ये उच्च न्यायालयाने बंदीच्या अधिसूचनेला धक्का दिला, आणि प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर तो अधिक कठोरपणे परतला. मुंबई दारूबंदी कायदा १६ जून १९४९ पासून अमलात आला आणि ६ एप्रिल १९५०, म्हणजे दांडीच्या मिठाला वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, संपूर्ण दारूबंदी जाहीर झाली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य भाग वैध ठरविला. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंधने मात्र रद्द केली.

या कायद्याची थट्टा करणे सोपे आहे आणि मुंबईने ती भरपूर केली. हातभट्ट्या, धोबीतलावापासून धारावीपर्यंतचे चोरटे गुत्ते, डॉक्टरी दाखल्यावर मिळणारे परवाने, हे सर्व त्या थट्टेचे विषय. तिच्याआड एक गंभीर परिणाम झाकला गेला. परवान्याशिवाय पिणे हाच गुन्हा झाल्यावर पिणारा माणूस कायद्याने आरोपी ठरला. ज्याला मदत मागायची, त्याला आधी गुन्हा कबूल करावा लागणार. फेरीने त्याला शरमिंदा केले होते; कायद्याने त्याला लपायला लावले.

आणि लपलेल्या माणसांसाठीच एक वेगळी रीत याच सुमारास भारतात आली. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना १९५७ मध्ये दिल्लीत पोहोचली आणि पुढे मुंबईत तिचे जाळे पसरले. देशाचे मध्यवर्ती कार्यालयही भायखळ्यात आले. चर्चचे हॉल, शाळांचे वर्ग, संध्याकाळी तासभर मांडलेल्या खुर्च्या. माणूस फक्त पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यासक्त आहोत हे स्वतःच्या तोंडाने म्हणतो. समोरचा कोणी सुधारक नसतो. तोही त्याच वाटेने आलेला असतो. दिंडीतला जो गुण फेरीत नव्हता, तो या खोलीत परत आला. बाहेर रस्त्यावर मात्र त्यातले काही दिसेना.

न दिसणे हे या रीतीचे तत्त्वच आहे. १९५० मध्ये स्वीकारलेल्या तिच्या बारा परंपरांपैकी एक सांगते की वृत्तपत्रे व प्रसिद्धीमाध्यमांत सभासदाने नाव गुप्त ठेवावे. दुसरी सांगते की संघटनेने बाहेरच्या देणग्या घेऊ नयेत, सभासदांनी आपल्या टोपीतल्या पैशांवर भागवावे. म्हणजे धर्मादाय दौडीला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, एक चेहरा आणि एक देणगीदार, येथे तत्त्वतःच वर्ज्य. व्यसनमुक्तांच्या फेऱ्या मुंबईत उशिरा का आल्या, याचे एक उत्तर या खोल्यांत मिळते. ज्यांनी चालायचे, त्यांना वाचविणारी पहिली भिंत अनामिकतेची होती, आणि ती पाडून रस्त्यावर यावे असे त्यांना कोणी का म्हणावे?

दरम्यान बंदी सैल होत गेली. १९६० च्या दशकात परवाने सुलभ झाले, १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या दुकानांची रीतसर व्यवस्था लावली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. त्याच वर्षांत अफगाणिस्तान-इराणमधील उलथापालथीनंतर पश्चिमेकडून येणारे स्वस्त हेरॉइन मुंबईच्या गल्ल्यांत उतरले. मराठीत त्याला नाव मिळाले ‘गर्द’. बापाचा पगार बंद, मुलाच्या हाती चांदीचा कागद, अशी घरे लालबाग-परळने पाहिली. पिठ्याची भाषा येथे पुरेना. चाळीला दारुडा ठाऊक होता, गर्दुल्ला नवा होता.

अनिल अवचट यांनी या व्यसनाच्या दुनियेत फिरून लिहिले. ते वाचून अस्वस्थ झालेल्यांत पु. ल. आणि सुनीता देशपांडे होते. पु. ल. जन्माने गावदेवीचे, म्हणजे गिरगावच्या उंबरठ्यावरचे. त्यांच्या प्रतिष्ठानाच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. मुंबईत त्याआधी, १९८१ मध्ये, फादर जो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन स्थापन केले होते. बारा पायऱ्यांचा मार्ग आणि अय्यंगार योग यांची त्यांनी सांगड घातली. दान आणि व्यसनमुक्ती या दोन शब्दांची मराठी मनात गाठ पडली ती या वर्षांत. त्याआधी दारूविरोधासाठी वर्गणी निघे. दारुड्यासाठी निघत नसे.

मुक्तांगणने केलेले आणखी एक काम फारसे बोलले जात नाही. व्यसनी पुरुषांच्या पत्नींचा ‘सहचरी’ गट तेथे उभा राहिला. १९३० मधली स्त्री दुकानापुढे उभी होती आणि तिचे मागणे परक्या पुरुषाकडे होते. सहचरीतली स्त्री आपल्या घरातल्या पुरुषाबद्दल, आणि मुख्य म्हणजे स्वतःबद्दल, बोलू लागली. ज्या बाईने वीस वर्षे पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजावर वाट पाहिली, तिची बाजू मांडायला शतकभर कोणी खुर्ची दिली नव्हती.

७ डिसेंबर १९८७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन ठरविला. शाळा-महाविद्यालयांच्या फेऱ्या, पोलिसांच्या दौडी, फलक घेतलेली मुले हे दृश्य त्यानंतर मुंबईच्या ओळखीचे झाले. या तारखेची निवड चीनमधील आयुक्त लिन झेशू यांनी हुमेन येथे केलेल्या अफूच्या विनाशाशी जोडली जाते. तो २५ जून १८३९ रोजी पूर्ण झाला. वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट झाल्या, आणि त्यांत माळव्याची, मुंबई बंदरातून गेलेली अफूही होती. मुंबईच्या व्यापाऱ्यांत त्या धंद्यातले सर्वांत मोठे नाव जमशेटजी जीजीभॉय. त्यांच्या देणगीतून भायखळ्याला उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. त्याच्या दारांतून पुढे दारू आणि गर्द यांनी पोखरलेली किती शरीरे आत गेली असतील. जमशेटजींचे दान खोटे नव्हते. दुष्काळात, आगीत, रोगराईत त्यांनी हात सैल सोडला. पण २६ जूनची फेरी भायखळ्यावरून जाते तेव्हा या शहरात दान आणि व्यसन यांचा संबंध कोठून सुरू झाला, हेही लक्षात असावे.

देणगीसाठी चालण्याची आधुनिक पद्धत अमेरिकेत १९७० मध्ये ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेच्या पदयात्रांनी रुळविली. १९८० मध्ये एका कृत्रिम पायावर कॅनडा पार करायला निघालेल्या टेरी फॉक्स याने तिला चेहरा दिला. व्यसनमुक्तांनी स्वतःच्या नावाने, उघड चेहऱ्याने चालावे, ही गोष्ट पाश्चात्त्य जगातही जुनी नाही. ब्रिटनमधील पहिली ‘रिकव्हरी वॉक’ लिव्हरपूलला निघाली ती २००९ मध्ये. तोवर मुंबई मॅरेथॉनला पाच वर्षे झाली होती.

मुंबई मॅरेथॉनमधील देणगीची यंत्रणा सरळ आहे. संस्था नोंदणी करते, धावपटू तिच्या नावाने ओळखीच्यांकडून पैसे गोळा करतो. २००९ पासून युनायटेड वे ऑफ मुंबई ही संस्था या सगळ्याचा हिशेब सांभाळते. पण देणगी मागताना गोष्ट सांगावी लागते. आजारी मुलाची गोष्ट सांगता येते, देणारा लगेच विरघळतो. तीनदा उपचार घेऊन चौथ्यांदा घसरलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची गोष्ट कशी सांगणार? देणाऱ्याच्या मनात १९४९ चा कायदा अजून जिवंत असतो: याने हे स्वतःच ओढवून घेतले. त्यावर उत्तर एकच, तो माणूस स्वतः समोर उभा राहणे. आणि त्याची किंमत तोच मोजतो. नोकरी देणारा, मुलीचे स्थळ पाहणारा, चाळीतला शेजारी, सर्वजण तो फोटो पाहतात.

ही किंमत मोजलेल्यांत राहुल जाधव यांचे नाव सर्वज्ञात आहे. मुंबईच्या गुन्हेगारी जगात वावरलेला, दारू आणि अमली पदार्थांनी खचलेला हा तरुण मुक्तांगणमध्ये दाखल झाला, सावरला, पुढे समुपदेशक झाला आणि लांब पल्ल्याचा धावपटूही झाला. व्यसनमुक्तीचा संदेश घेऊन तो मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून दिल्लीच्या इंडिया गेटपर्यंत धावला. पूजा चांगोईवाला यांनी लिहिलेले त्याचे चरित्र २०२० मध्ये ‘गँगस्टर ऑन द रन’ या नावाने प्रसिद्ध झाले. होलिका संमेलनाच्या आयोजकांनी ज्या माणसाला मैदानात उतरविण्याची खटपट केली, तो माणूस शंभर वर्षांनी कोणाच्याही बोलावण्याविना रस्त्यावर आला होता. त्याच्यासारखे मोजके, बाकीचे बहुसंख्य अजून संध्याकाळी वर्गखोलीत खुर्च्या मांडतात, पहिले नाव सांगतात आणि दिवा मालवून घरी जातात. दोन्ही रीती शेजारी शेजारी चालू आहेत.

मॅरेथॉनचे धावपटू माहीमकडून परतताना शिवाजी पार्क ओलांडून प्रभादेवीला येतात. सिद्धिविनायकाच्या कोपऱ्यावर वीर सावरकर मार्गाला एक रस्ता येऊन मिळतो. कधीकाळी माडांच्या वाड्या असलेल्या या भागातून तो दादरकडे जातो. त्याच्या पाटीवर नाव आहे: एस. के. बोले मार्ग.